खाणभूमी पुनरुद्धार आणि ग्रामसभा (शहापूर-मुरबाड)

दगड, मुरूम किंवा माती काढून झाल्यावर उरलेली जमीन सुरक्षित व उपयोगाची करणे आणि तिच्यावर झाडोरा वाढवणे, याला खाणभूमी पुनरुद्धार म्हणतात. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर व मुरबाड तालुक्यांत खाण सुरू होण्यापूर्वी अनेक ठिकाणी ग्रामसभेचे मत घ्यावे लागते. ती बंद होताना मात्र गावाचा अधिकार तितका ठळक नाही.

पार्श्वभूमी : दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी असून इथला खडक बेसाल्ट, म्हणजे काळा दगड आहे. क्रशरवरची खडी बांधकामाला आणि मुरूम रस्त्यांच्या भरावाला जातो. जून 2025 मध्ये खुला झालेला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा शहापूर तालुक्यातूनच जातो. दगड व मुरूम ही गौण खनिजे ब्रासमध्ये (100 घनफूट) मोजतात. 1957 च्या खाण व खनिज अधिनियमाच्या कलम 15 नुसार त्यांचे नियम राज्य शासन करते. महाराष्ट्राचे सध्याचे नियम 2013 चे आहेत.

कायदेशीर चौकट : 1996 च्या पेसा (पंचायत विस्तार, अनुसूचित क्षेत्रे) कायद्यानुसार अनुसूचित, म्हणजे आदिवासीबहुल म्हणून घोषित क्षेत्रात गौण खनिजाचा पट्टा किंवा लिलाव देण्यापूर्वी ग्रामसभेची अथवा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस बंधनकारक आहे. राज्याचे पेसा नियम 2014 मध्ये आले. शहापूर तालुका संपूर्ण अनुसूचित आहे, तर मुरबाडमधील काहीच गावे त्यात येतात. त्यामुळे शेजारच्या दोन गावांचे अधिकारही वेगळे असू शकतात. पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करण्याची तरतूद असल्याने ठाकूर, कातकरी, महादेव कोळी वस्त्यांना आपली ग्रामसभा भरवता येते.

27 फेब्रुवारी 2012 रोजी दीपक कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली. त्याच न्यायालयाने 8 जानेवारी 2020 च्या आदेशाने खाणकाम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत लावून ती चारा व वनस्पतींना योग्य करण्याची अट पट्टेदारांवर घालण्यास केंद्राला सांगितले. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांना 2006 च्या वनहक्क कायद्याने वनाचे पुनरुज्जीवन करण्याचा हक्कही आहे.

कामाचे स्वरूप : बेसाल्टवर मातीचा थर पातळ असतो. म्हणून वरची माती आधीच काढून वेगळी साठवावी लागते. उभ्या कड्यांना टप्पे पाडून त्यांवर टाकाऊ मुरूम व ती माती पसरतात. पावसाच्या तोंडावर गवत पेरल्यास माती धरून राहते. त्यानंतर करंज, खैर, शिवण, ऐन, मोह, बांबू अशी स्थानिक झाडे लावणे योग्य. पहिली काही वर्षे चराईबंदी नसेल, तर लागवड टिकत नाही.

खोल खड्डा भरून काढणे दरवेळी शक्य नसते. तानसा व भातसा धरणांतून मुंबईला पाणी देणाऱ्या शहापूरच्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. त्यामुळे अशा खड्ड्याचा पाणीसाठा गावाच्या कामी येऊ शकतो. मात्र त्याला कुंपण, उतरता काठ आणि पाण्याची तपासणी हवी.

निधी : पहिली जबाबदारी पट्टेदाराची आहे. त्याला जोड म्हणून जिल्हा खनिज प्रतिष्ठान, रोजगार हमी आणि पेसा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतून मिळणारा 5 टक्के अबंध निधी हे मार्ग आहेत. वनसंवर्धन हा अबंध निधीच्या मान्य उपयोगांपैकी एक आहे.

मूल्यमापन : पट्टा दिल्यावर देखरेख महसूल व खनिकर्म यंत्रणेकडे जाते आणि गावाकडे तक्रार करण्यापलीकडे फारसे उरत नाही. म्हणून खोदाईची खोली, मातीचा साठा, झाडांच्या जाती, ती जगवण्याची मुदत आणि खड्ड्याचा पुढचा वापर या अटी शिफारशीच्या ठरावातच लिहून घेणे, हे ग्रामसभेच्या हातातले सर्वांत परिणामकारक साधन आहे.