स्कीमची काटकसर आणि तिचा भुर्दंड

प्रोग्रामिंगच्या भाषांचा इतिहास लिहिणारे बहुधा जन्मकथेपाशी रमतात. स्कीमचेच उदाहरण घ्या. 1975 च्या डिसेंबरात एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेने जेराल्ड सस्मन आणि गाय स्टील यांचे एक टिपण प्रसिद्ध केले. त्याचा क्रमांक 349. कार्ल ह्युइट यांची 'अॅक्टर' ही संकल्पना स्वतःला नीट उमजावी म्हणून या दोघांनी लिस्पमध्ये एक छोटेखानी भाषा रचली होती. आधीच्या दोन भाषांची नावे 'प्लॅनर' आणि 'कॉनायव्हर' अशी असल्याने हिला 'स्कीमर', म्हणजे कावेबाज, म्हणायचे ठरले. पण त्यांच्या संगणकावर फाइलच्या नावाला सहाच अक्षरांची मुभा होती, म्हणून शेवटचे अक्षर गळाले. ही कथा सर्वत्र सांगितली जाते आणि ती रंजकही आहे. मात्र पुढली पन्नास वर्षे त्या भाषेत प्रत्यक्ष लिहिणाऱ्यांच्या हाताशी कोणते साधन होते आणि ते कोण सांभाळत होते, याविषयी इतिहासकार फारसे बोलत नाहीत.

ते साधन म्हणजे ईमॅक्स हा एडिटर. (त्याला 'संपादक' म्हणणे मी टाळतो, आपल्याकडे संपादक हा माणूस असतो.) गंमत अशी की याच्याही उगमाशी गाय स्टील आहेत. 1976 मध्ये प्रयोगशाळेत 'टेको' या एडिटरसाठी ज्याने त्याने रचलेल्या आज्ञांचे विखुरलेले संच एकत्र करायला त्यांनीच सुरुवात केली; पुढे रिचर्ड स्टॉलमन यांनी ते काम हाती घेतले आणि त्यातून ईमॅक्स झाला. परंतु एकाच अंगणात वाढलेली ही दोन भावंडे लवकरच वेगळे बोलू लागली. 1985 च्या ग्नू ईमॅक्सने स्वतःची एक लिस्प बाळगली आणि तिच्यात नावाचा अर्थ, त्या क्षणी कोण कोणाला हाक मारत आहे, यावरून ठरत असे. स्कीमचा मूळ आग्रह नेमका उलटा होता: नावाचा अर्थ मजकुरातील त्याच्या स्थानावरून ठरावा. ईमॅक्समध्ये ही सोय 2012 साली, चोविसाव्या आवृत्तीत आली. तोवर स्कीमसाठी ईमॅक्सची पुरवणी लिहिणाऱ्याला एकाच फाइलसंचात दोन निराळ्या व्याकरणांनी विचार करावा लागे.

सुरुवातीच्या पुरवण्या साध्या होत्या. ओलिन शिव्हर्स यांची 'सीएमयूस्कीम' एडिटरमधला मजकूर उचलून शेजारी चालू असलेल्या स्कीमकडे पाठवी आणि जे उत्तर येईल ते जसेच्या तसे दाखवी. निरोप्याने पत्र उघडून पाहू नये, असा तो संकेत होता. कॉमन लिस्पसाठी 2003 मध्ये आलेल्या 'स्लाइम'ने अपेक्षा पार बदलल्या. लिहिता लिहिता फंक्शनचे मापदंड दिसावेत, नाव अर्धवट लिहिले की पूर्ण व्हावे, व्याख्येवर थेट उडी मारता यावी. 2009 च्या सुमारास होझे अँटोनियो ओर्तेगा रुइस यांनी स्कीमसाठी 'गायझर' लिहायला घेतले, ते याच अपेक्षा मनात धरून.

अडचण स्कीमच्या ख्यातीतच दडलेली होती. 1998 चे तिचे मानक अवघ्या पन्नासेक पानांचे आहे आणि या मितभाषीपणाचे कौतुक पिढ्यान्पिढ्या चालत आले आहे. पण मितभाषी ग्रंथाचे पाठभेद वाढतात. त्या पन्नास पानांत मॉड्यूलची व्यवस्था नाही. एखाद्या फंक्शनला 'तुझी व्याख्या कुठल्या फाइलमध्ये आहे' हे विचारायची रीत नाही. 2007 च्या मोठ्या मानकाने मॉड्यूलची उणीव भरली, तर अनेकांनी ते मानक स्वीकारलेच नाही. ज्याने त्याने आपापली सोय केली. ग्वाइलची निराळी, रॅकेटची निराळी, चिकनची निराळी. मानकाने केलेली काटकसर अशी पुरवणीच्या माथी भुर्दंड म्हणून येऊन पडली, आणि तो भरणाऱ्याचे नाव भाषेच्या इतिहासात येत नाही. मला हा अन्याय वाटतो.

हा भुर्दंड किती बारीक असतो, ते एका तपशिलावरून कळेल. गायझर स्कीमला प्रश्न विचारते आणि उत्तर संपले, हे पुन्हा प्रॉम्प्ट उमटल्यावरून ओळखते. चूक झाली की एमआयटी स्कीमचा प्रॉम्प्ट बदलून त्यात 'एरर' हा शब्द येतो. ग्वाइल आपल्या प्रॉम्प्टला चौकटी कंसात एक आकडा जोडते. रॅकेट चूक सांगते आणि जुन्याच प्रॉम्प्टवर परतते. यांपैकी एखादे रूप ओळखायचे राहून गेले, तर पुरवणी न येणाऱ्या उत्तराची वाट पाहत बसते आणि वापरणारा म्हणतो, एडिटर मंद आहे.

वेगाची तक्रार बहुधा अशीच असते. स्कीम क्वचितच मंद असते. विचारणे मंद असते. कर्सर जिथे जिथे जाईल तिथे पुरवणीने प्रश्न विचारला, तर ईमॅक्स, जो मुळात एका वेळी एकच काम करतो, उत्तर येईपर्यंत टायपिंगही अडवून धरतो. म्हणून कर्सर क्षणभर स्थिरावेपर्यंत थांबायचे, अनेक नावांची चौकशी एकाच प्रश्नात करायची, उत्तराची वाट न पाहता पुढचे काम चालू द्यायचे आणि मिळालेले उत्तर जपून ठेवायचे. यातली शेवटची युक्ती सर्वात प्रभावी आणि सर्वात धोक्याची. स्कीममध्ये फंक्शनची व्याख्या चालू प्रोग्राममध्येच बदलता येते. दोन मापदंडांचे फंक्शन मी आत्ताच तीन मापदंडांचे केले आणि खालच्या ओळीत पुरवणी अजून दोनच दाखवते आहे, असे झाले तर? उशिरा आलेले उत्तर चिडवते. शिळे उत्तर फसवते. काय लक्षात ठेवायचे यापेक्षा केव्हा विसरायचे, हे ठरवण्यातच सांभाळणाऱ्याचे बरेच दिवस जातात.

कधी दोष पुरवणीचा नसतोही. शेजारच्या प्रोग्रामकडून येणारा मजकूर ईमॅक्स वर्षानुवर्षे 4096 बाइटांच्या घासांनी गिळत असे. ही मर्यादा वापरणाऱ्याला बदलता येऊ लागली ती 2020 च्या सत्ताविसाव्या आवृत्तीत, आणि 2025 च्या तिसाव्या आवृत्तीत ती मुळातच 65536 झाली. लिस्पचे थेट यंत्रभाषेत रूपांतर करण्याची सोय 2022 ची. अशा सुधारणांनंतर पुरवण्यांमधल्या जुन्या युक्त्या एकेक करून निरुपयोगी होतात आणि त्या काढून टाकणे हेही सांभाळणाऱ्याचेच काम. त्याची कोणी दखल घेत नाही, कारण काढलेली ओळ दिसत नाही.

गायझरने पुढे प्रत्येक स्कीमचा भाग सुटा करून वेगळ्या पॅकेजात टाकला. गाभा एक, आणि ग्वाइल, रॅकेट, चिकन, एमआयटी, शे, गॅम्बिट यांची बिऱ्हाडे स्वतंत्र. जो जी स्कीम वापरतो, त्याने तिची बाजू सांभाळावी, ही त्यातली सोय. गाभ्यात मात्र आजही तोच जुना प्रश्न शिल्लक आहे: समोरची स्कीम बोलायची थांबली, हे ओळखायचे कशावरून?