सिद्दी फक्त जंजिऱ्यापुरते नव्हते: आफ्रिकेतून आलेली ही माणसं आज कुठे आहेत?

‘सिद्दी’ म्हटलं की मराठी माणसाला दोन गोष्टी आठवतात. पन्हाळ्याला वेढा घालून बसलेला सिद्दी जौहर आणि मुरुडचा जंजिरा. दोन्हीकडे सिद्दी म्हणजे शत्रू. शाळेच्या पुस्तकातला सिद्दी तिथेच संपतो.

पण त्याच 1660 च्या पन्हाळ्याच्या वेढ्यात आणखी एक सिद्दी होता आणि तो शिवाजी महाराजांच्या बाजूने लढत होता. त्याचं नाव सिद्दी हिलाल. नेताजी पालकरांबरोबर तो बाहेरून वेढा फोडायला गेला. तो प्रयत्न फसला आणि त्याचा मुलगा वाहवाह जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला. म्हणजे वेढा घालणाराही सिद्दी आणि वेढा फोडायला जाणाराही सिद्दी.

मग हे सिद्दी नेमके कोण?

पूर्व आफ्रिकेतून भारतात आलेल्या लोकांचे हे वंशज. इथिओपियाच्या भागाला अरब ‘हबश’ म्हणायचे, त्यावरून आपल्याकडे ‘हबशी’ हा शब्द आला. जंजिऱ्याच्या मुलखाला जुन्या काळी ‘हबसाण’ म्हणत, ते यामुळेच. ‘सिद्दी’ हा शब्द अरबीतल्या ‘सय्यिदी’ म्हणजे ‘मालक, स्वामी’ यावरून आला असं बरेच अभ्यासक मानतात. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या माणसांना मालक या अर्थाचं नाव मिळावं, यातला विरोधाभास लक्षात घेण्यासारखा आहे.

काही जण व्यापारी आणि खलाशी म्हणून आले. बहुतेकांना मात्र आधी अरब आणि नंतर पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी विकायला आणलं. इथून पुढे त्यांच्या दोन वेगळ्या वाटा झाल्या.

पहिली वाट दख्खनच्या दरबारांची. इथल्या सुलतानांना परक्या मुलखातले, इथे नातीगोती नसलेले सैनिक हवे असत. असा गुलाम शस्त्र चालवायला शिकायचा, मालक गेला की अनेकदा मोकळा व्हायचा आणि कर्तबगार असेल तर सरदार व्हायचा. मलिक अंबर हे त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण. 1548 च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला चापू नावाचा हा मुलगा बाजारामागून बाजार विकला गेला आणि शेवटी अहमदनगरच्या निजामशाहीत पोहोचला. त्याला विकत घेणारा तिथला पेशवा चंगेजखान स्वतःही हबशीच होता.

पुढे याच मुलाने निजामशाहीचा कारभार हातात घेतला. 1610 मध्ये खडकी हे शहर वसवलं. तेच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. शहरासाठी त्याने जमिनीखालून पाणी खेळवलं, त्याला नहर-ए-अंबरी म्हणतात. जमिनीची प्रतवारी करून शेतसारा ठरवण्याची त्याची पद्धत पुढेही नावाजली गेली. 1624 च्या भातवडीच्या लढाईत त्याने मुघल आणि आदिलशाही फौजांना एकत्र हरवलं, तेव्हा शहाजीराजे त्याच्या बाजूने लढत होते. जहांगीर बादशहाला तो इतका खुपायचा, की मलिक अंबरच्या कापलेल्या मुंडक्यावर आपण बाण मारतोय असं चित्रच त्याने काढून घेतलं. ते आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. प्रत्यक्षात जहांगीरला हे कधी जमलं नाही. 1626 मध्ये मलिक अंबर वारला, त्याची कबर खुलताबादला आहे.

जंजिऱ्याची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, म्हणून थोडक्यात. शिवाजी महाराजांनी समोर पद्मदुर्ग उभा केला, 1682 च्या सुमारास संभाजी महाराजांनी समुद्रात भर घालून किल्ल्यापर्यंत वाट करायचा प्रयत्न केला, तरी जंजिरा पडला नाही. संस्थान थेट 1948 पर्यंत टिकलं. याच घराण्याच्या एका शाखेने 1791 मध्ये सुरतजवळ सचिन हे दुसरं संस्थान मिळवलं. अहमदाबादची सुप्रसिद्ध दगडी जाळी असलेली मशीदही सिद्दी सय्यद या सरदाराने 1572-73 मध्ये बांधलेली. आयआयएम अहमदाबादच्या बोधचिन्हामागे हीच जाळी आहे.

आता दुसरी वाट. या वाटेवरच्या लोकांची बखर कुणी लिहिली नाही.

पोर्तुगीजांनी मोझांबिकच्या बाजूने माणसं गोव्यात आणली ती घरकामाला, पालख्या उचलायला, जहाजांवर राबायला. त्यांना सरदारकी मिळायची शक्यताच नव्हती. सुटायचं तर पळायचं, आणि गोव्यातून पळणाऱ्याला सगळ्यात जवळचा आसरा म्हणजे घाटातलं जंगल. आजच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड, अंकोला या भागांत त्यांनी वस्ती केली. आज तिथले सिद्दी हिंदू, ख्रिस्ती आणि मुसलमान अशा तिन्ही धर्मांत आहेत. बोलतात ती कोंकणी, तिच्यात कानडी आणि मराठी मिसळलेली. आफ्रिकेतली भाषा गेली. डमामी हा ढोल आणि त्यावरचा नाच राहिला.

सिद्दी बायकांच्या हातची ‘कवंदी’ म्हणजे आपल्या गोधडीची बहीण. जुन्या लुगड्यांचे, कपड्यांचे तुकडे कडेपासून आत मध्यापर्यंत धावदोऱ्याने शिवत जायचे. चारही कोपऱ्यांवर कापडाची छोटी घडी, तिला ‘फुला’ म्हणतात. ती नसेल तर कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत.

या लोकांकडे सरकारचं लक्ष गेलं ते वेगळ्याच कारणाने. 1987 मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणाने सिद्दी मुलामुलींना निवडून ॲथलेटिक्सचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. मूळचे आफ्रिकेचे, तर पळतीलच, असा त्यामागचा हिशेब. काही जण राष्ट्रीय पातळीवर चमकले, पण योजना काही वर्षांतच गुंडाळली गेली आणि बरीच मुलं परत गावी शेतमजुरीला लागली. भारतात शेकडो वर्षं राहूनही ‘कुठल्या देशाचे?’ हा प्रश्न सिद्द्यांच्या मागे असतोच. या योजनेत तोच गैरसमज जरा बऱ्या कपड्यात होता.

खरा झगडा कागदाचा आहे. उत्तर कन्नडमधल्या सिद्द्यांना 2003 मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. पण तो जिल्ह्यापुरता. शेजारच्या धारवाड आणि बेळगाव जिल्ह्यांतल्या त्यांच्याच सोयऱ्यांना त्यासाठी 2020 पर्यंत थांबावं लागलं. हा फरक फक्त नोकरी आणि शिक्षणापुरता नाही. वनहक्क कायद्यात अनुसूचित जमातीच्या माणसाला 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जंगलात राहत असल्याचं दाखवावं लागतं. इतरांना मात्र त्याआधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा वास सिद्ध करावा लागतो. मालकापासून लपण्यासाठी जंगलात शिरलेल्या माणसाच्या पणतूने एवढा जुना पुरावा कुठून आणायचा?

गुजरातमध्येही तसंच. सौराष्ट्रातल्या सिद्द्यांना हा दर्जा आहे. पण ज्या बावा गोर पिराला गुजरातचे सिद्दी आपला मूळपुरुष मानतात, त्याचा दर्गा भरूच जिल्ह्यातल्या रतनपोरला आहे आणि भरूचचे सिद्दी त्या यादीत नाहीत. बावा गोर हा आफ्रिकेतून आलेला अकीक खड्यांचा व्यापारी होता, अशी श्रद्धा आहे. त्याच्या उरुसात ढोलाच्या तालावर जो ‘गोमा’ नाचतात, तो शब्द स्वाहिलीतल्या ‘न्गोमा’ म्हणजे ढोल यावरूनच आलेला. गीरला सिंह बघायला जाणाऱ्या पर्यटकांपुढे रिसॉर्टमध्ये हाच नाच ‘सिद्दी धमाल’ म्हणून होतो. बघणाऱ्यांपैकी किती जणांना ती मुळात पिराची सेवा आहे हे ठाऊक असतं, हा प्रश्नच आहे.

2011 च्या जनगणनेत अनुसूचित जमाती म्हणून नोंदले गेलेले सिद्दी देशभरात जेमतेम 20 हजारांच्या आसपास होते. त्यातूनच 2020 मध्ये शांताराम सिद्दी कर्नाटकच्या विधान परिषदेवर नियुक्त झाले, या समाजातले तिथले पहिले आमदार. आणि गीरजवळच्या जांबूर गावात सिद्दी बायकांना बचत आणि सेंद्रिय खताच्या धंद्यात उभं करणाऱ्या हिरबाई लोबी यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली.