भात्याचं कूळ

घरी लोहारकाम सुरू करायचं म्हटलं की लोक आधी ऐरणीसाठी भंगारबाजार पालथा घालतात. ऐरण नसली तरी रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर भागतं. वाऱ्यावाचून मात्र सगळं अडतं. कोळसा नुसता पेटवून ठेवला तर त्यात लोखंड फार तर मंद लाल होईल. घाव सोसायला ते नारिंगी-पिवळं व्हावं लागतं, म्हणजे हजार अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा वर. तिथवर नेतो तो वारा. म्हणून भट्टीचं मूळ शोधायचं तर भात्याकडे जावं लागतं.

आधी माणसाची छातीच होती. इजिप्तमध्ये सक्कारा इथल्या मेरेरुकाच्या थडग्यात चार हजार वर्षांहून जुनी भित्तिशिल्पं आहेत. त्यांत धातुकाम करणारे कारागीर लांब नळ्यांनी विस्तव फुंकताना दिसतात. ऋग्वेदाच्या 9 व्या मंडलातला कर्मार, म्हणजे लोहार, विस्तवाला वारा घालायला पक्ष्यांची पिसं वापरतो. पुढे चामडं आलं. थीब्जच्या रेख्मिरेच्या थडग्यात, इ.स.पू. 15 व्या शतकात, कारागीर दोन भात्यांवर उभे आहेत: एक पायाखाली दाबायचा, दुसरा दोरीने वर खेचायचा. मध्य भारतातल्या अगारियांनी, म्हणजे लोखंड गाळणाऱ्या जमातीने, ही दोरी बांबूला बांधली. पाय उचलला की वाकलेला बांबूच कातडं वर ओढतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात. व्हेरिअर एल्विन यांनी 1942 च्या पुस्तकात या लोकांची नोंद केली. इतक्या थोड्या सामानात इतकी अक्कल मला दुसऱ्या कुठल्या भात्यात दिसलेली नाही.

हातभात्याची करामत बोटांत असते. बकऱ्याचं अखंड कातडं घ्यायचं, मानेकडून नळी बांधायची आणि मागचं तोंड दोन पट्ट्यांत शिवायचं. मूठ उघडून पिशवी उचलायची, मिटून दाबायची. मूठ उघडायला उशीर झाला तर पिशवी हवेऐवजी विस्तवच ओढून घेते. एक पिशवी थांबत थांबत फुंकते. दोन आळीपाळीने चालवल्या की वारा तुटत नाही. चिनी पेटीभात्याने हेच एका पेटीत साधलं. आतली फळी ढकला किंवा ओढा, दोन्ही वेळा वारा येतो. सुंग यिंगशिंगच्या 1637 च्या ग्रंथात त्याची चित्रं आहेत. दातेरी चाकांचा, हाताने फिरवायचा पंखा 19 व्या शतकातला. रस्त्याकडेला घिसाडी कुटुंबाच्या पालापुढे हाच पंखा दिसतो: जमिनीत खळगा, त्यात नळी, एक जण चाक फिरवतो आणि बाई घण घालते.

खळगा, माती, नळी आणि कोळसा हा ऐवज आपल्याकडे फार जुना आहे. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीकाठी नायकुंडला महापाषाणयुगीन वस्तीच्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टी आणि वाऱ्याच्या मातीच्या नळ्या मिळाल्या. काळ साधारण इ.स.पू. 7 वं शतक. तिथे दगडातून लोखंड काढत आणि आपण तयार लोखंड तापवतो, पण वाऱ्याची वाट तीच.

म्हणून घरची भट्टीही तशीच करावी. जुन्या घमेल्यात चिकणमाती, वाळू आणि थोडी राख मळून लिंपा, मधे ओंजळभर खळगा ठेवा. लोखंडी नळी तळातून न आणता बाजूने आणा, म्हणजे राख आणि कीट खाली बसतं आणि तोंड तुंबत नाही. नळीवर जस्ताचा मुलामा नको. तापल्यावर त्याचा धूर विषारी होतो. माती सावलीत वाळू द्या आणि पहिला विस्तव मंद ठेवा, नाहीतर ती तडकते. कोळसा लाकडाचाच घ्या. त्यात गंधक जवळपास नसतं, म्हणून लोखंड बिघडत नाही. सुपारीएवढे तुकडे करून नळीच्या वर चांगला वीतभर थर रचा. लोखंड नळीच्या तोंडाशी धरलं तर खपल्या धरून झिजतं, ते थराच्या मध्यावर ठेवावं.

केस वाळवायच्या यंत्राने वारा मिळतो, पण मी हातपंखाच घ्यायला सांगेन. लाकडी कोळसा हलका असतो. जास्त वाऱ्याने ठिणग्या उडतात आणि टोपली बघता बघता रिकामी होते. तापलेली सळई ऐरणीवर घेतली की हात आपोआप थांबतो, कोळसा वाचतो. भट्टी मात्र उघड्यावरच लावा. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि बंद खोलीत तो जीव घेतो.