सव्हॉयचा सेनानी आणि आपली वर्धा नदी

वणी-राळेगावकडच्या मंडळींना वर्धा नदी काही नवी नाही. पण 1803 सालच्या डिसेंबरात हीच नदी दोन राज्यांची शीव ठरली. नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड, म्हणजे आपला आजचा यवतमाळ जिल्हाही, नागपूरकर भोसल्यांच्या हातून गेला. असे का झाले, हे समजून घ्यायचे तर एका परदेशी शिपाईगड्याची हकीगत ऐकली पाहिजे.

त्याचे नाव बेन्वा डी बॉईन. आल्प्स पर्वताच्या कुशीतला सव्हॉय प्रांत आज फ्रान्समध्ये आहे. तिथल्या शांबेरी गावी 1751 साली एका व्यापाऱ्याच्या घरी तो जन्मला. दुकानात मन रमेना, तेव्हा फ्रान्सच्या सैन्यात शिरला. मग रशियाच्या बाजूने लढला आणि तुर्कांच्या कैदेत पडला. तिथून सुटला तो फिरत फिरत 1778 साली मद्रासला आला. काही वर्षे त्याने कंपनी सरकारची चाकरी केली आणि तीही सोडली. शिपाईगिरी हाच त्याचा धंदा. धनी मात्र ठरलेला नव्हता.

तो धनी त्याला 1784 साली महादजी शिंद्यांत मिळाला. महादजींनी पानिपत डोळ्यांनी पाहिले होते, तिथे पायावर जखम घेतली होती. नुसत्या घोडदळावर यापुढे भागणार नाही, शिस्तीत चालणारे पायदळ आणि चांगला तोफखाना हवा, हे त्यांनी ओळखले. डी बॉईनने आधी दोन पलटणी उभ्या केल्या. पुढे त्यांच्या तीन ब्रिगेडी झाल्या. आग्र्याला तोफा ओतल्या जाऊ लागल्या.

आता, त्याचे यश नुसत्या कवायतीचे होते का? नाही. पगार वेळेवर मिळालाच पाहिजे, ही त्याची अट होती. त्यासाठी महादजींनी त्याला गंगा-यमुनेच्या दुआबातला मुलूख लावून दिला. जखमी शिपायाला पैसा मिळे, कायमच्या पंगू झालेल्याला जमीन मिळे. ज्याच्या घरची चूल थंड पडत नाही, तो शिपाई रणात पाय रोवून उभा राहतो. 1790 साली 20 जूनला पाटण आणि 10 सप्टेंबरला मेडता, अशा दोन मोठ्या लढाया या फौजेने जिंकल्या. मेडत्याला राठोडांचे घोडेस्वार तोफांच्या तोंडावर चालून आले, पण पलटणींचे चौकोन काही फुटले नाहीत.

पण तिसरा विजय दुःखाचा. 1793 साली लाखेरीला याच पलटणी होळकरांच्या फौजेवर गेल्या. मराठ्यांनी मराठ्यांनाच बुडवले!

1794 साली महादजी वारले. पुढच्या वर्षाअखेर डी बॉईनने दौलतराव शिंद्यांची चाकरी सोडली आणि तो युरोपला परतला. अमाप पैसा घेऊन गेला, पण शांबेरीत त्याने दानधर्मही पुष्कळ केला. 1830 साली तो तिथेच वारला. त्याच्या स्मरणार्थ उभारलेल्या कारंज्यावर चार हत्तींच्या मूर्ती आहेत.

डी बॉईनच्या जागी पेराँ हा फ्रेंच सरदार आला. 1803 साली इंग्रजांशी युद्ध पेटले. शिंद्यांची चाकरी सोडून येणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांना आम्ही सांभाळू, असा जाहीरनामा इंग्रजांनी काढला. पुष्कळजण निघून गेले. पेराँनेही ऐन सप्टेंबरात इंग्रजांचा आश्रय घेतला. अलीगडच्या किल्ल्यावर हल्ला झाला, तेव्हा इंग्रजांना वाट दाखवणारा लुकन हा शिंद्यांच्याच चाकरीतून गेलेला होता.

आणि शिपाई? ते इथलेच होते, ते कुठे जाणार! लासवारीला 1 नोव्हेंबरला, वरचे गोरे अधिकारी निघून गेले असतानाही, ते असे लढले की इंग्रज सेनापती लेक याने आपल्या पत्रात त्यांच्या शौर्याची कबुली दिली. हिंमत कमी नव्हती. आपल्यातले मोठे अधिकारी मात्र कोणी तयार केले नव्हते.

मग युद्ध आपल्या वऱ्हाडात आले. 29 नोव्हेंबरला अडगावला पराभव झाला, डिसेंबरात गाविलगड पडला. 17 डिसेंबरला देवगावच्या तहात भोसल्यांनी वर्धेपलीकडचा मुलूख सोडला. तो निजामाकडे गेला आणि 1853 साली निजामाकडून इंग्रजी कारभाराखाली आला. 30 डिसेंबरला सुर्जी-अंजनगावला शिंद्यांनीही तह केला. इंग्रजांशी वैर असलेल्या देशाचा माणूस त्यांच्या संमतीवाचून चाकरीस ठेवायचा नाही, असे त्यात कलम होते. डी बॉईनसारख्यांचा काळ आपल्या वऱ्हाडातच संपला म्हणायचा.

सालदार कितीही कष्टाळू असो, पेरणीचे तंत्र एकट्या त्यालाच ठाऊक असून शेतकऱ्याचे भागत नाही. साल संपले की तो जायचा, यात त्याचाही दोष नाही. डी बॉईनकडून विद्या घेतली हे महादजींचे शहाणपण. ती विद्या शिकवणारे आपल्या घरचे लोक मागून तयार झाले नाहीत, ही उणीव. गुरुजनहो, वर्गात नकाशावर वर्धा नदी दाखवाल, तेव्हा मुलांना एवढे जरूर सांगा.