उरलेल्यांच्या संघातला सांगलीकर

आमच्या आष्ट्यात दिवाळीनंतर टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. नाणेफेकीच्या आधी हमखास एक भांडण होतं. समोरच्या संघानं ‘बाहेरचा’ खेळाडू घेतलाय, हे ते भांडण. मग कुणी रेशनकार्ड काढतो, कुणी आधारकार्डाची झेरॉक्स, कुणी म्हणतो की हा माझ्या मामाचा मुलगा आहे, मग बाहेरचा कसा? अर्धा तास असा जातो. मला खेळापेक्षा ते भांडण ऐकायला जास्त आवडतं. त्याचं कारण माझ्या स्वतःच्या आयुष्यात आहे.

हायस्कुलात असताना मी बऱ्यापैकी गोलंदाजी करायचो. पुढं घरच्या ओढगस्तीमुळं बी. ए. बाहेरून केलं. जवळच्या एका महाविद्यालयाची मुलं संध्याकाळी सरावाला मला बोलवायची, कारण नेटमध्ये चेंडू टाकायला कुणीतरी लागायचंच. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांची यादी लागली की मात्र तिच्यात माझं नाव नसायचं. बहिःस्थ विद्यार्थी खेळायला अपात्र. नियम होता, आणि नियम म्हणून तो चूकही नव्हता. दोन हंगाम मी चेंडू टाकले, मग सोडून दिलं आणि कवितेकडं वळलो. कवितेत पात्रतेचा दाखला मागत नाहीत, असं तेव्हा वाटायचं.

तर आज मला बोलायचं आहे ते विजय हजारे यांच्याबद्दल, आणि कुणी कुणाकडून खेळायचं हे ठरवणाऱ्या नियमांबद्दल. हजारे आपले सांगलीचे. ११ मार्च १९१५ चा त्यांचा जन्म. वडील शाळामास्तर, घरात आठ भावंडं, आणि घर मराठी ख्रिस्ती. ही शेवटची गोष्ट आज कुणी विचारणारही नाही. त्या काळी मात्र एखादा पोरगा कुठवर पोचणार हे तिच्यावर ठरत होतं.

तेव्हा देशातली सगळ्यात मोठी स्पर्धा मुंबईत भरायची आणि तिचे संघ धर्मावर पडलेले असायचे. १८९२ पासून युरोपियन आणि पारशी यांचा सामना दरसाल ठरून गेला. १९०७ मध्ये हिंदू आले आणि तिरंगी झाली, १९१२ मध्ये मुसलमान आले आणि चौरंगी झाली. म्हणजे चेंडू कसा पडतो हे बघण्याआधी पोरगा कुठल्या घरात जन्मला हे बघायचं. आणि धर्म जुळला तरी सगळं जुळलं असं नव्हे. पुण्यात साहेबांच्या क्लबात नेटमध्ये चेंडू टाकून टाकून पी. बाळू तयार झाले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर त्यांनी शंभराच्या वर बळी घेतले. हिंदू संघाला ते गोलंदाज म्हणून हवे होते, पण चांभार समाजात जन्मले म्हणून कर्णधारपद काही त्यांना दिलं गेलं नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल १९२३ मध्ये कर्णधार झाले. नेटमध्ये चेंडू टाकायला चालतो, पुढं चालत नाही, हे वाचताना मला माझ्या त्या दोन हंगामांची आठवण होते. त्यांच्या दुःखापुढं माझं काहीच नाही, हेही कळतं.

आता या चौरंगीत हजारेंनी कुठं जायचं? हिंदू नाहीत, मुसलमान नाहीत, पारशी नाहीत, साहेब तर नाहीतच. त्यांच्यासाठी जागाच नव्हती. त्यांना हात दिला तो दुसऱ्या नियमानं. १९३४-३५ मध्ये रणजी स्पर्धा सुरू झाली. तिथं संघ प्रांताचे आणि संस्थानांचे. जन्म कुठं आणि राहणं कुठं एवढंच विचारायचे. प्रा. दि. ब. देवधरांच्या महाराष्ट्र संघातून हा एकोणीस वर्षांचा मुलगा खेळू लागला. कॉलेजची पायरी त्यांच्या वाट्याला आली नव्हती. तिची भरपाई संस्थानिकांनी केली. आपल्याच जिल्ह्यातल्या जतच्या राजेसाहेबांनी ऑस्ट्रेलियाचे लेगस्पिनर क्लॅरी ग्रिमेट यांना शिकवायला आणलं होतं, त्यांच्या हाताखाली हजारे घडले. जतच्या दुष्काळी माळावर जगातला एक अव्वल फिरकी गोलंदाज सांगलीच्या पोराला चेंडू टाकतोय, हे चित्र मी कितीदा तरी डोळ्यांपुढं आणून बघितलं आहे. पुढं देवास आणि बडोदा संस्थानांनी त्यांना नोकरी दिली. १९३९-४० मध्ये पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा करून प्रथम श्रेणीत त्रिशतक काढणारे ते पहिले भारतीय ठरले.

मधल्या काळात मुंबईतही नियम बदलला होता. १९३७ मध्ये पाचवा संघ आला. त्याचं नाव ‘रेस्ट’, म्हणजे उरलेले. भारतीय ख्रिस्ती, अँग्लो इंडियन, ज्यू, जे कुणाच्यात बसत नाहीत ते सगळे त्यात. नाव तसं अपमानाचंच, पण हजारेंना दार उघडलं ते या उरलेल्यांनी.

१९४३-४४ चा अंतिम सामना ब्रेबर्न स्टेडियमवर झाला. हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला, त्यात विजय मर्चंट नाबाद २५०. रेस्टचा पहिला डाव १३३, त्यात हजारे ५९. फॉलोऑन मिळाला. दुसऱ्या डावात रेस्टच्या सगळ्या मिळून धावा झाल्या ३८७, आणि त्यातल्या ३०९ एकट्या हजारेंच्या! भाऊ विवेक दुसऱ्या टोकाला उभा होता. दोघांची भागीदारी ३०० ची, त्यात विवेकच्या धावा २१. रेस्ट एक डाव ६१ धावांनी हरले. तरी आज लोकांना तो सामना आठवतो तो हरणाऱ्याच्या नावानं.

या स्पर्धेला विरोधही होता. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे लोक वर्ध्याला गांधीजींना भेटले. कॉलेजाकॉलेजांत, संस्थासंस्थांत सामने होतात ते मी समजू शकतो, पण हिंदू, पारशी, मुसलमान असे संघ कशासाठी ते मला कधी कळलं नाही, असं गांधीजींचं म्हणणं होतं. कॉलेजच्या क्रिकेटला तेव्हा नुकतंच बळ आलं होतं. विद्यापीठांची रोहिंटन बारिया स्पर्धा १९३५-३६ मध्ये सुरू झाली होती. तिथं पात्रता एकच, तुझं नाव हजेरीपटावर आहे का? पण पंचरंगी मोडायला १९४६ साल उजाडलं.

आणि मग ती भागीदारी. मार्च १९४७, बडोदा, रणजीचा अंतिम सामना, समोर होळकर संघ. हजारे आणि गुल मोहम्मद यांनी चौथ्या जोडीला ५७७ धावा केल्या. हजारे २८८, गुल मोहम्मद ३१९. हा विक्रम २००६ मध्ये संगकारा आणि जयवर्धने यांनी मोडेपर्यंत, म्हणजे एकोणसाठ वर्षं, जगात कुठल्याही जोडीला ओलांडता आला नाही. पंचरंगीत हे दोघे एकमेकांच्या विरुद्ध संघांतले: एक रेस्टचा, एक मुसलमानांचा. बडोद्याच्या संघात आल्यावर दोघे एका बाजूला. माणसं तीच, बदलला होता फक्त नियम.

सहाच महिने गेले नाहीत तोवर सगळ्यात मोठा नियम बदलला. ऑगस्ट १९४७ मध्ये ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी पुण्यात शिबिर होतं. लाहोरच्या इस्लामिया कॉलेजात घडलेला तरुण गोलंदाज फजल महमूद त्यासाठी आला होता. परतताना आगगाडीत काही लोक अंगावर आले तेव्हा सी. के. नायडू बॅट घेऊन मधे उभे राहिले, असं फजल यांनी लिहून ठेवलं आहे. ते लाहोरला पोचले आणि दौऱ्यावर गेलेच नाहीत. गुल मोहम्मद भारताकडून कसोटी खेळले, नंतर तिकडं गेले आणि १९५६ मध्ये एक कसोटी पाकिस्तानकडून खेळले. माझ्या वडिलांना गुल मोहम्मदचं नाव माहीत होतं. ते सांगताना त्यांचा आवाज थोडा खाली यायचा.

पंचरंगी बंद झाली ते बरं झालं, हे माझं मत. पण एक गोष्ट मी प्रामाणिकपणे कबूल करतो. त्या जिमखान्यांनी आपापल्या समाजाची पोरं हुडकून, खाऊपिऊ घालून तयार केली होती. पारशी जिमखान्याची ती कमान मोडल्यावर पुन्हा तशी उभी राहिली नाही. फारुख इंजिनियर १९७५ मध्ये शेवटची कसोटी खेळले, त्यानंतर भारताच्या पुरुषांच्या कसोटी संघात पारशी दिसला नाही. याला इतरही कारणं आहेत, लोकसंख्या हे तर मोठंच. वाईट नियम काढून टाकतानाही कुणाची तरी शिडी निघते.

आता धर्म गेला आणि वय आलं. शाळा, कॉलेज, सोळाखालचे, एकोणीसखालचे. विद्यापीठाच्या सामन्यांना पंचवीस वर्षांची मर्यादा आहे. वय चोरायचे प्रकार इतके वाढले की हाडांची तपासणी आली. २०१६ मध्ये क्रिकेट मंडळानं ठरवलं की एका खेळाडूनं एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक एकदाच खेळायचा. वयाचा नियम मला धर्माच्या नियमापेक्षा सरस वाटतो. तो वरून बंद असतो, खालून उघडा. आपल्या सांगलीच्याच स्मृती मानधनाला नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालच्या संघात घेतलं, अकराव्या वर्षी एकोणीस वर्षांखालच्या. तू लहान आहेस, घरी जा, असं नियमानं म्हटलं नाही. पुढं २०१३ मध्ये तिनं गुजरातविरुद्ध नाबाद २२४ केल्या.

गेल्या वर्षी आमच्याकडच्या एका स्पर्धेत बीडकडून ऊसतोडीला आलेल्या टोळीतला एक पोरगा आला होता. चौदा-पंधराचा असेल. हात वाऱ्यासारखा सुटायचा. एका संघानं त्याला घेतलं, तेवढ्यात दुसऱ्यानं आधारकार्ड मागितलं. कार्डावर बीड. सहा महिने तो आमच्याच शिवारात पालात राहतो, पण नियमाप्रमाणं बाहेरचा. मी बोललो, पण मी पडलो कवी. माझं कोण ऐकतंय? सामना सुरू झाला. तो पोरगा गेला नाही. सीमारेषेपलीकडं उसाच्या कडेला उभा राहिला, आणि चेंडू उसात गेला की आत शिरून काढून द्यायचा. तिथून तो चेंडू फेकायचा तो थेट यष्टिरक्षकाच्या हातात यायचा.