काळ्या डबीची उकल

जुन्या मोटारीचे बॉनेट उघडल्यावर पट्ट्यावर फिरणारा लांबट, नळकांड्यासारखा भाग दिसला, तर तो बहुधा डायनमो असतो. तोच भाग आखूड, जाडसर, जाळीदार तोंडाचा आणि अ‍ॅल्युमिनियमच्या आवरणाचा असेल, तर तो अल्टरनेटर. नवखा माणूस डायनमो आणि सेल्फ (स्टार्टर मोटर) यांच्यात फसतो, कारण दोन्ही नळकांडीच. पण सेल्फला पुली नसते. तो फ्लायव्हीलला लागून बसतो आणि त्याच्याकडे बॅटरीची सर्वांत जाड केबल जाते.

मोटारीला आरंभी चार्जिंगची गरजच नव्हती. दिवे कार्बाईडचे, ठिणगी मॅग्नेटोची आणि इंजिन सुरू करायला हँडल. 1912 साली कॅडिलॅक कंपनीने चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा सेल्फ गाडीत बसवला. सेल्फ आला म्हणून मोठी बॅटरी आली, आणि ती भरायला डायनमो. पुढची पन्नासएक वर्षे एकच प्रश्न निरनिराळ्या रीतींनी सोडवला गेला: इंजिनाचा वेग सतत बदलतो, मग बॅटरीकडे जाणारी वीज ताब्यात कशी ठेवायची?

पहिले उत्तर तिसऱ्या कार्बनचे (ब्रशचे). डायनमोत नेहमीच्या दोन कार्बनखेरीज एक सरकवता येणारा कार्बन असे, त्याची जागा बदलून करंट कमी-जास्त करता येई. यात करंट आवरला जाई, व्होल्टेज नव्हे. बॅटरी भरली असली तरी डायनमो वीज ढकलतच राही आणि दिवसा लांब पल्ला गाठणाऱ्या गाडीच्या बॅटरीतले पाणी उकळून आटे. अशा गाडीत फक्त कटआऊट असे. डायनमोचे व्होल्टेज बॅटरीच्या वर गेले की कटआऊटचे पॉईंट जुळतात. इंजिन मंदावले की ते उघडतात. ते उघडले नाहीत तर बॅटरी उलटी डायनमोत रिकामी होते.

पुढे व्होल्टेज रेग्युलेटर आला आणि कटआऊटशेजारी एकाच काळ्या डबीत बसला. आपल्याकडच्या गॅरेजांत या अख्ख्या डबीला सर्रास ‘कटआऊट’च म्हणतात. झाकण काढून आतली गुंडाळी मोजली की गाडीची पिढी कळते. एकच गुंडाळी म्हणजे नुसता कटआऊट, आणि डायनमो तीन कार्बनांचा. दोन असतील तर कटआऊट आणि व्होल्टेज रेग्युलेटर. यातली जाड तारेची गुंडाळी बहुधा कटआऊटची. तीन असतील तर तिसरी करंटवर मर्यादा घालणारी. ओळख पटवण्याचा इतका भरवशाचा पुरावा गाडीवर दुसरीकडे क्वचित सापडतो. रंग, नंबरप्लेट, सीट सगळे बदललेले असते, ही डबी मात्र बहुतेक वेळा कोणी उघडलेलीही नसते.

महाराष्ट्रात या डब्या तीन घराण्यांच्या भेटतात. मुंबईत महिंद्राने 1947 पासून विलीज जीप जुळवल्या. त्यांचा वारसा अमेरिकी. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आल्या. त्यांचा वारसा इटालियन. अ‍ॅम्बॅसिडरचा ब्रिटिश, लुकास कंपनीच्या पद्धतीचा. प्रत्येकाची अक्षरे वेगळी. लुकासच्या डायनमोवर मोठे टर्मिनल ‘डी’ आणि लहान ‘एफ’ म्हणजे फील्ड. फियाटच्या डायनमोवर अक्षरांऐवजी 51 आणि 67 हे आकडे. जीपच्या अमेरिकी डायनमोवर ‘ए’ आणि ‘एफ’.

खरी चूक होते ती ‘ए’पाशी. अमेरिकी डबीवर ‘ए’ म्हणजे आर्मेचर, अर्थात डायनमोकडची तार, बॅटरीसाठी ‘बी’. लुकासच्या डबीवर ‘ए’ अँपिअर मीटरकडे, म्हणजे बॅटरीच्या बाजूला जाते. अक्षर पाहून तारा जोडल्या तर बॅटरी थेट डायनमोला भिडते आणि वायंडिंग जळते. म्हणून अक्षरावर विसंबण्यापेक्षा तार हाताने शेवटपर्यंत माग काढत नेणे बरे. त्यात पूर्वीच्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला अर्थ केलेले असे. वायंडिंग बदलल्यावर डायनमोला योग्य दिशेचे चुंबकत्व देण्यासाठी बॅटरीचा क्षणभर स्पर्श करावा लागतो. पद्धत बनावटीप्रमाणे बदलते.

जव्हार-मोखाडा भागात जीप हे पाड्यांना बाजाराशी जोडणारे वाहन. पाड्या-पाड्यावर थांबणे, पुन्हा सेल्फ मारणे, पावसात वायपर आणि दिवे चालू ठेवणे, हे डायनमोच्या मुळावर येणारे काम. इंजिन मंद असताना तो जवळजवळ काहीच देत नाही, डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा तांबडा दिवा मिणमिणतो. म्हणून डोंगराळ मुलखात गाडी उताराला तोंड करून उभी करण्याची रीत पडली. यात डायनमोची बाजू घ्यायला हवी. त्याच्या लोखंडात चुंबकत्व शिल्लक राहते, त्यामुळे बॅटरी पूर्ण उतरलेली असली तरी ढकलून सुरू झालेल्या डिझेल जीपमध्ये तो स्वतःहून वीज धरू शकतो. अल्टरनेटरला पहिल्या क्षणी बहुधा बॅटरीचा थोडा करंट लागतोच.

तरी अल्टरनेटर जिंकला. सिलिकॉन डायोड स्वस्त झाल्यावर 1960 च्या सुमारास क्रायस्लरने तो मोटारीत आणला. मंद इंजिनावरही तो चार्जिंग देतो, आणि डायोड वीज उलटी जाऊ देत नसल्याने त्याला कटआऊट लागत नाही. जुन्या जीपमध्ये आणि फियाटमध्येही तो नंतर बसवला गेला. अशा गाडीत काळी डबी बऱ्याचदा तशीच ठेवतात, आतली गुंडाळी तोडून नुसते तारांचे जोड म्हणून. तेव्हा डबी दिसली म्हणून डायनमो आहे असे धरू नये. पट्ट्यावर काय फिरते ते आधी पाहावे. मग अँपिअर मीटर पाहावा. डायनमोच्या माफक करंटसाठी बसवलेला मीटर आणि त्याच्या तारा अल्टरनेटरचा पूर्ण भार सोसत नाहीत, आणि डॅशबोर्डामागे गरम झालेले इन्सुलेशन हीसुद्धा त्या बदलाची खूण असते.