सुमित्रा : एका गस्ती जहाजाची नोकरी

दिवाळीला हिंगोलीला गेलो होतो. ताईचा मुलगा नववीत आहे. ४ डिसेंबरच्या नौदल दिनासाठी शाळेत त्यांना 'भारतीय नौदलातील एक जहाज' असा प्रकल्प दिलाय. निम्म्या वर्गाला 'विक्रांत'च हवी होती, म्हणून सरांनी शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. आमच्या चिरंजीवांच्या चिठ्ठीत निघालं 'आयएनएस सुमित्रा'. तेव्हापासून स्वारी तोंड पाडून बसलेली.

"मामा, हिच्याकडं एक पण क्षेपणास्त्र नाही. एक पण युद्ध नाही केलं हिनं. काय लिहू मी, नाव अन् लांबी?"

मी म्हटलं, "बघू." आणि सुट्टीतले पुढचे दोन दिवस त्यातच गेले. :)

आता हिंगोली आणि समुद्र यांचा संबंध किती, तर रस्त्याने साडेपाचशे किलोमीटरच्या वर! लहानपणी आम्ही पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे औंढ्याकडचं सिद्धेश्वर धरण. निजामाच्या काळात इथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, म्हणजे गावाच्या लष्करी आठवणी आहेत त्याही घोड्यांच्या आणि जमिनीवरच्या. जहाज म्हटलं की तोफा आणि लढाई एवढंच आमच्या डोळ्यांपुढे येतं. तेव्हा पोराची तक्रार मला अगदीच चुकीची वाटली नाही.

सुरुवात गोव्यापासून करावी लागेल. सुमित्रा बांधली गेली वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये. ही गोदी १९५७ साली पोर्तुगीजांच्या अमलात सुरू झाली, 'एस्तालेइरोस नावाइस द गोवा' अशा भारदस्त नावाने. तेव्हा तिथलं मुख्य काम म्हणजे खनिज वाहून नेणाऱ्या बार्जेस. १९६१ साली गोवा मुक्त झाला, गोदी भारत सरकारकडे आली, आणि बार्जेस बांधणारे हात हळूहळू तटरक्षक दल आणि नौदलासाठी जहाजं बांधायला लागले. २०१३-१४ मध्ये इथून एकाच वर्गाची चार गस्ती जहाजं नौदलात दाखल झाली : सरयू, सुनयना, सुमेधा आणि सर्वात धाकटी सुमित्रा. ही धाकटी ४ सप्टेंबर २०१४ रोजी चेन्नईत नौदलात आली.

या प्रकारच्या जहाजाला नौदलात 'ओपीव्ही' म्हणतात, म्हणजे किनाऱ्यापासून दूर जाऊन गस्त घालणारं जहाज. आपल्या किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या पट्ट्यातले मासे, तेल, वायू यांवर हक्क आपला. हा पट्टा २० लाख चौरस किलोमीटरहून मोठा आहे. मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवरचं बॉम्बे हाय त्यातच येतं. एवढ्या पाण्यावर रोज विनाशिका फिरवायची म्हणजे गल्लीत गस्त घालायला रणगाडा काढण्यासारखं. खर्च अफाट, आणि खऱ्या युद्धाच्या वेळी तो रणगाडा नेमका दुरुस्तीला गेलेला! म्हणून नौदलाने १९९० च्या आसपास 'सुकन्या' वर्गाची गस्ती जहाजं घेतली. त्यातली पहिली तीन दक्षिण कोरियात बांधलेली, बाकीची विशाखापट्टणमला. सुमित्रा आणि तिच्या बहिणी ही त्याच घराण्यातली पुढची पिढी.

आता लांबीरुंदी. (पोराला तेवढंच हवं होतं!) लांबी १०५ मीटर, वजन २२०० टनांच्या आसपास, माणसं शंभर-सव्वाशे. पुढे ७६ मिलिमीटरची एक तोफ, जवळच्या माऱ्यासाठी भराभर गोळ्या झाडणाऱ्या दोन लहान तोफा, आणि मागे एक हेलिकॉप्टर उतरेल एवढी जागा. दोन डिझेल इंजिनं. जास्तीत जास्त वेग २५ नॉट, म्हणजे ताशी ४६ किलोमीटर. आमच्या हिंगोली-नांदेड एसटीला लाज वाटावी असा काही नाही. पण खरी गंमत पुढच्या आकड्यात आहे. १६ नॉटच्या निवांत चालीने ही ६००० सागरी मैल जाते. म्हणजे पंधरा दिवस अखंड चालत राहिली तरी टाकीत तेल शिल्लक! थोडक्यात, हिची रचना जोरात धावण्यासाठी केलेलीच नाही. दूर जाऊन तिथेच थांबून राहण्यासाठी केलेली आहे.

आणि थांबून राहण्याचा उपयोग काय, ते २०१५ साली कळलं.

२६ मार्च २०१५ ला सौदी अरेबिया आणि मित्रदेशांनी येमेनवर हवाई हल्ले सुरू केले. तिथे हजारो भारतीय अडकले होते. त्यात नर्सेस होत्या, कामगार होते, बायका-मुलं होती. विमानतळांचा भरवसा उरला नाही, म्हणजे वाट राहिली समुद्राची. भारताने 'ऑपरेशन राहत' सुरू केलं. 'आयएनएस मुंबई' ही क्षेपणास्त्रधारी विनाशिका आणि 'आयएनएस तरकश' ही दोन मोठी जहाजं मुंबईहून निघाली. पण मुंबई ते एडन अंतर साधारण १६५० सागरी मैल. २५ नॉटने न थांबता गेलं तरी पावणेतीन दिवस. इकडे एडन शहरात रस्त्यारस्त्यात लढाई चालू.

सुमित्रा मात्र तिथेच होती. नौदलाने २००८ पासून एडनच्या आखातात चाच्यांविरुद्ध सतत एक जहाज ठेवलेलं आहे, आणि त्या पाळीला नेमकी हीच होती. नौदलात येऊन तिला सात महिनेही झाले नव्हते. कमांडर होते मिलिंद मोकाशी. (नाव वाचल्यावर भाच्याची मान पहिल्यांदा वर आली. "मराठी आहेत का?") ३१ मार्चला सुमित्रा एडन बंदरात शिरली. आसपास गोळीबार आणि तोफांचा मारा चालूच होता. तशात तिने ३४९ भारतीयांना चढवून घेतलं : २२० पुरुष, १०१ बायका, २८ मुलं. तिथून थेट जिबूतीला, आणि पुढे वायुदलाच्या विमानांनी लोक घरी.

इथे जरा थांबून हिशेब करा. शंभर-सव्वाशे माणसांसाठी बांधलेलं जहाज. जेवण, पाणी, संडास, झोपायच्या जागा, सगळं तेवढ्याच लोकांच्या मापाचं. त्यात एकदम तिप्पट पाहुणे, तेही घाबरलेले, उपाशी, कडेवर पोरं घेतलेले. लग्नघरात शंभर पाहुणे जास्त आले तर आपली काय तारांबळ उडते ते आठवा!

आणि हे एकदाच नाही. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात सुमित्रा परत परत येमेनला गेली, कधी होदैदाहला तर कधी मुकल्लाजवळच्या किनाऱ्यावर. शेवटच्या फेरीत तर भारतीयांपेक्षा परदेशी लोकच जास्त होते. सगळी मोहीम मिळून भारताने ४६०० हून अधिक आपले आणि ९६० परदेशी नागरिक बाहेर काढले. मोकाशींना शौर्य चक्र मिळालं. हा सन्मान रणांगणावरच्या लढाईसाठी नसतो, शांततेच्या काळातल्या शौर्यासाठी असतो. म्हणजे युद्ध न करता शौर्य दाखवता येतं हे सरकारदरबारीही मान्य आहे. मी हे सांगितल्यावर चिरंजीवांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं.

पुढची काही वर्षं बातमीत येण्यासारखी कमीच. फेब्रुवारी २०१६ मध्ये विशाखापट्टणमला आंतरराष्ट्रीय नौदल संचलन झालं तेव्हा राष्ट्रपती प्रणव मुखर्जींनी ताफ्याची पाहणी केली ती सुमित्रावरून. २०२२ च्या संचलनात राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या वेळीही हीच. ते सोडलं तर गस्त, गस्त आणि गस्त.

मग आला जानेवारी २०२४. सोमाली चाचे पुन्हा डोकं वर काढत होते. मासेमारीची बोट पळवायची, तिच्या आडून खोल समुद्रात जायचं आणि मोठं व्यापारी जहाज गाठायचं, ही त्यांची जुनी पद्धत. २८ जानेवारीला 'इमान' या इराणी मासेमारी बोटीचा धावा आला. सुमित्राने तिला गाठून १७ जणांची सुटका केली. ते आटोपतंय तोवर दुसरी इराणी बोट, 'अल नईमी', पळवल्याची खबर. कोचीच्या पश्चिमेला साधारण ८५० सागरी मैलांवर सुमित्राने तिलाही अडवलं. मार्कोस कमांडो बोटीवर चढले आणि ११ चाच्यांच्या तावडीतून १९ खलाशी सोडवले. ३६ तासांच्या आत ३६ माणसं. आणि ते १९ जण कोण? पाकिस्तानी! समुद्रावर धावा ऐकला की आधी पासपोर्ट विचारत नाहीत.

खोटं कशाला बोला, हे जहाज सगळं करू शकत नाही. त्याच आठवड्यात, २६ जानेवारीला, एडनच्या आखातात 'मार्लिन लुआंडा' या तेलवाहू जहाजावर क्षेपणास्त्र पडून आग लागली. त्या जहाजावर २२ भारतीय होते, आणि मदतीला गेली ती 'आयएनएस विशाखापट्टणम' ही विनाशिका. जिथे आकाशातून क्षेपणास्त्रं आणि ड्रोन येतात तिथे स्वतःचं रक्षण करू शकणारं मोठं जहाजच लागतं. सुमित्राने तिथे जाऊन उगाच बळी जाण्यात काही अर्थ नाही. पण मोठी जहाजं मोठ्या संकटाकडे वळवता येतात, कारण बाकीचा समुद्र कुणीतरी लहान जहाज सांभाळत असतं.

हे सगळं मी इतक्या तळमळीने का सांगतोय? आमच्या धंद्यात 'ऑन-कॉल' नावाचा प्रकार असतो. आठवडाभर फोन उशाशी घेऊन झोपायचं, सर्व्हर पडला की रात्री तीनला उठायचं. वर्षाच्या शेवटी जो फॉर्म भरायचा असतो त्यात 'नवीन काय बनवलं?' असा रकाना असतो. 'कितीदा वेळेवर हजर होतो?' असा नसतो. गेल्या वर्षी त्या रकान्यासमोर मी बराच वेळ नुसता बसून होतो. भाच्याचा प्रश्न ऐकला तेव्हा तोच फॉर्म आठवला. असो.

त्याचा तक्ता झाला एकदाचा. 'जिंकलेली युद्धे' असा रकाना आधी आखलेला होता, तो त्याने खोडरबरने पुसला. त्या जागी लिहिलं 'परत आणलेली माणसे', आणि खाली आकडे घातले : ३४९, १७, १९. येमेनच्या पुढच्या फेऱ्यांसाठी चार ओळी मोकळ्या सोडल्यात, म्हणाला, "हे मी शोधतो मामा, तुम्ही जा पुण्याला."

निघताना ताईने हळूच विचारलं, "सर मार्क देतील ना रे? तोफ फारच बारीक काढलीय त्यानं."